लोकरीचा अष्टपाद आणि वहिनींचे मनगट

माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर, रक्तदाब मोजण्याच्या यंत्राशेजारी, एक निळा अष्टपाद बसलेला असतो. लोकरीचा. गोल डोके, आठ वळणदार पाय आणि काळ्या धाग्याने भरलेले दोन डोळे. इंजेक्शनच्या भीतीने भोकाड पसरणाऱ्या पोराच्या हातात तो द्यायचा आणि म्हणायचे, "याचे पाय मोज बघू." पोरगे सहाव्या पायापर्यंत पोहोचते तोवर माझे काम उरकलेले असते.

हा अष्टपाद मला एका पेशंट बाईंनी दिला. त्यांना आपण वहिनी म्हणू, कारण मीही त्यांना वहिनीच म्हणतो. त्यांचे यजमान शाळेत शिक्षक होते, आमचा चांगला घरोबा होता. अष्टपाद टेबलावर आला त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली होती. ती आज कबूल करायची आहे. वाचकहो, डॉक्टरच्या चुकीतून चार घरांचा फायदा होत असेल तर ती झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

क्रोशाचे काम आपल्याकडे नवीन नाही. दाराचे तोरण, ताटावरचा रुमाल, बाळाचे टोपडे, कुंची, पायमोजे. एकेकाळी लग्न ठरलेल्या मुलीच्या ट्रंकेत क्रोशाच्या चार वस्तू असायच्याच. अलीकडे मोबाइलवर व्हिडिओ बघून बायका लोकरीची खेळणी करू लागल्या आहेत. जपानी भाषेत या कामाला अमीगुरुमी म्हणतात, म्हणजे विणलेली, आत भरण घातलेली बाहुली. आम्ही पडलो समुद्रकाठचे लोक. त्यामुळे वहिनींच्या हातून कासव, खेकडा, देवमासा, तारामासा आणि अष्टपाद अशी सगळी दर्यातली मंडळी बाहेर पडू लागली.

यजमान गेल्यावर वहिनी एकट्या पडल्या. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. दुपार सरता सरत नसे. भाचीने एकदा मोबाइलवर कासव कसे करायचे ते दाखवले आणि वहिनींनी वीस वर्षांपूर्वी ठेवून दिलेली क्रोशाची सुई पुन्हा हातात घेतली. वर्षभरात शेजारपाजारच्या प्रत्येक मुलाकडे त्यांच्या हातचे एक तरी जलचर पोहोचले.

माझी चूक

एके दिवशी वहिनी दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, उजव्या हाताला मुंग्या येतात हो. रात्री दोन-तीनला जाग येते. हात झटकला की बरे वाटते."

त्या दिवशी दवाखान्यात तापाच्या पेशंटची रांग होती. वय एकसष्ट, मान थोडी दुखते, हाताला मुंग्या. मी मनात निदान करून मोकळा झालो : मानेचे मणके झिजले आहेत. एक्स-रे काढला. त्यात झीज दिसलीच. साठीच्या बहुतेक माणसांच्या एक्स-रेत ती दिसते, त्रास असो वा नसो! मी गोळ्या लिहून दिल्या आणि जाता जाता विचारले, "दिवसभर काय करता?" त्यांनी खेळण्यांचे सांगितले. मी म्हणालो, "मग ते आधी बंद करा."

"बंद करा" हे आम्हा डॉक्टरांचे सर्वांत सोपे औषध. लिहायला शाई लागत नाही, पेशंटला पैसे पडत नाहीत. वहिनी शिस्तीच्या बाई. घरी गेल्या आणि लोकर, सुया, अर्धवट राहिलेला देवमासा, सगळे कपाटात टाकून दिले.

दोन महिन्यांनी त्या परत आल्या. रक्तदाब वाढलेला. झोप नाही. जेवणावर वासना नाही. चेहरा ओढलेला. मी विचारले, "हाताच्या मुंग्यांचे काय?"

त्या म्हणाल्या, "त्या आहेत तशाच आहेत. फक्त विणकाम गेले."

हे वाक्य ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. दोन महिने सुईला हात लावला नाही आणि मुंग्या तशाच, याचा अर्थ दोष एकट्या सुईचा नव्हता. शिवाय मी जे बंद केले होते ते त्यांचे दुखणे नव्हते, तो त्यांचा आधार होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचा हात नीट हातात घेऊन तपासला. हे काम पहिल्याच भेटीत व्हायला हवे होते.

मनगटातला बोगदा

मुंग्या कोणत्या बोटांना येतात, हा साधा प्रश्न मी आधी विचारलाच नव्हता. वहिनींनी अंगठा, त्याच्या शेजारचे बोट आणि मधले बोट दाखवले. करंगळी अगदी चांगली होती. इथेच निम्मे निदान झाले.

आपल्या मनगटात पुढच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. खाली आणि बाजूंना मनगटाची छोटी हाडे, वर एक जाड पट्टा. या बोगद्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, आणि मिडियन नावाचा एक मज्जातंतू जातो. दोऱ्यांभोवतीच्या अस्तराला सूज आली की जागा कमी पडते आणि मज्जातंतू दाबला जातो. तो अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना पुरवतो, म्हणून मुंग्या तिथेच येतात. करंगळी सुटते. झोपेत आपण मनगट दुमडून झोपतो, त्यामुळे दाब वाढतो आणि मध्यरात्री जाग येते. हात झटकल्यावर बरे वाटते. या विकाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. दोन्ही हातांचे पंजे खाली लोंबते ठेवून त्यांच्या पाठी एकमेकींना टेकवा, मनगटे दुमडलेली राहू द्या आणि मनात साठपर्यंत मोजा. तेवढ्या वेळात वर सांगितलेल्या बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरांना दाखवा. वहिनींना पंचवीसपर्यंत मोजतानाच मुंग्या आल्या.

हा विकार बायकांत जास्त दिसतो, विशेषतः चाळिशी ते साठीच्या दरम्यान. हाताचे काम हे एक कारण असते, पण त्यामागे अनेकदा दुसरे काही दडलेले असते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, लठ्ठपणा, गरोदरपण. म्हणून मी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. साखर ठीक निघाली, पण टीएसएच चांगलाच वाढलेला होता. थायरॉइड मंदावले होते. मरगळ, ओढलेला चेहरा यांत दुःखाचा वाटा होताच, पण थायरॉइडचाही होता. आणि मी मात्र सगळे खापर बिचाऱ्या देवमाशावर फोडून मोकळा झालो होतो!

उपचार साधे होते. थायरॉइडची गोळी, सकाळी उपाशीपोटी. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा. अशा पट्ट्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत कंटाळून तो फेकून देऊ नये. यानेही भागले नाही तर मनगटात इंजेक्शन देता येते, आणि अगदीच गरज पडली तर छोटी शस्त्रक्रिया करून तो जाड पट्टा मोकळा करता येतो. मात्र अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, हातातून कप निसटू लागला किंवा मुंग्या चोवीस तास राहू लागल्या, तर एक दिवसही वाया घालवू नका. मज्जातंतू फार काळ दाबला गेला तर गेलेली ताकद पूर्ण परत येतेच असे नाही.

आणि तिसरे औषध मी स्वतः त्यांच्या चिठ्ठीवर लिहिले : "विणकाम पुन्हा सुरू करावे. रोज, थोडे थोडे." ती चिठ्ठी वहिनींनी अजून जपून ठेवली आहे.

तोरण सोपे, खेळणे अवघड

मी वहिनींना समोर बसवून एक खेकडा करून दाखवायला सांगितला. माझ्या निम्म्या शंका तेव्हाच फिटल्या. तुम्हालाही ही रीत समजली तर हात का दुखतो ते लक्षात येईल.

लोकरीची एक सरकती गोल कडी करतात आणि तिच्यात सहा मुके खांब घालतात. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन, म्हणजे बारा. मग अठरा, चोवीस, तीस. दर फेरीला सहा टाके वाढले की सपाट चकती होते. वाढवणे थांबवले की चकती वाटीसारखी वळते. टाके कमी करत आणले की वाटीचा चेंडू होतो, आणि तोंड बंद करण्याआधी आत भरण घालतात. सगळा अष्टपाद म्हणजे हा बेरीज-वजाबाकीचा हिशेब. वहिनी म्हणाल्या, "मास्तरांच्या घरात गणित राहिले पाहिजे ना!"

आता गोम अशी की, तोरणात टाके सैल आणि जाळीदार चालतात. खेळण्यात मात्र आतले भरण बाहेर दिसू नये म्हणून टाके घट्ट घालावे लागतात. लोकर जाड, सुई त्या मानाने बारीक, आणि प्रत्येक टाक्यात सुई जोर लावून खुपसायची. एका खेळण्यात असे शेकडो टाके. सुई चिमटीत गच्च धरलेली, मनगट वाकडे, मान खाली. म्हणजे तोरण करणाऱ्या आजीचा हात कधी दुखला नाही म्हणून खेळणी करणाऱ्या नातीचा दुखणार नाही, असे म्हणता येत नाही.

म्हणून विणणाऱ्या सर्व भगिनींसाठी (आणि हल्ली काही बंधूही हे काम करतात, त्यांच्यासाठी) काही सूचना :

1. पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसा. मांडीवर उशी घ्या आणि कोपरे तिच्यावर टेकवा, म्हणजे काम डोळ्यांजवळ येते आणि मान कमी वाकते.

2. मनगट सरळ ठेवा. सुई फिरवताना फक्त मनगट न वळवता कोपरापासून हात हलू द्या.

3. सुईची मूठ जाड करा. जाड मुठीच्या सुया बाजारात मिळतात. नसेल तर बारीक सुईवर कापडाची पट्टी किंवा फोम गुंडाळा. पेन्सिल जितकी बारीक, तितकी चिमूट जास्त आवळावी लागते, तसेच हे आहे.

4. वीस-पंचवीस मिनिटांनी उठा. मोबाइलवर गजर लावा, कारण 'एवढी फेरी संपवते' म्हणता म्हणता दीड तास जातो. बोटे उघडा-मिटा, खांदे फिरवा, पाणी प्या, चार पावले चाला.

5. आठ पाय एका बैठकीत करू नका. रोज दोन करा. अष्टपादाला कुठे जायची घाई नाही!

6. काळ्या आणि गडद लोकरीचे टाके दिसत नाहीत. ते काम दिवसाउजेडी करा. उजव्या हाताने विणणाऱ्यांनी उजेड डाव्या खांद्यावरून येईल असे बसावे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होतेच, चष्म्याची लाज बाळगू नका. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहा आणि पापण्यांची उघडझाप करा. मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावाच.

अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखत असेल तर तो वेगळा विकार. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला झुकवले की त्यात कळ येते. 1895 साली दे कर्वेन नावाच्या स्विस सर्जनने त्याचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव त्याला मिळाले. हा विणणाऱ्यांना होतो, तसाच तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांनाही होतो. सकाळी बोट मिटलेले अडकते आणि 'टक' आवाज करून उघडते, तो आणखी तिसरा विकार. हे दोन्हीही वेळीच आलात तर सहसा विश्रांती, पट्टा किंवा इंजेक्शनने आटोक्यात येतात.

मण्याचे डोळे

वहिनींचा हात सुधारत होता आणि एका संध्याकाळी वेगळाच प्रसंग घडला. शेजारच्या अकरा महिन्यांच्या मुलीच्या हातात वहिनींचा खेकडा होता. त्याचे डोळे म्हणून दोन चकचकीत काळे मणी शिवलेले. मुलीला दात येत होते, तिने डोळा चावला, धागा तुटला आणि मणी घशात. मुलगी निळी पडू लागली. तिच्या आईने तिला मांडीवर पालथी घालून पाठीत थापट्या मारल्या आणि नशिबाने मणी बाहेर उडाला. मी पोहोचलो तेव्हा मुलगी आईच्या कुशीत रडत होती, आणि रडणारे मूल म्हणजे श्वास घेणारे मूल. वहिनी मात्र भिंतीला टेकून बसल्या होत्या. रंग उडालेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरोघरी गेल्या. वाटलेली सतरा खेळणी त्यांनी परत मागून आणली, एकेकाचे मणी, बटणे उसवून काढली आणि त्या जागी काळ्या धाग्याने डोळे भरून ती परत नेऊन दिली. असे करायला धीर लागतो. आपल्या हातच्या कौतुकाच्या वस्तूत खोट आहे हे दारोदार सांगणे सोपे नाही. माझी ही कबुली लिहिण्याचे बळ मला त्यांच्याकडूनच आले.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटून येणारा लहान भाग असू नये, हा जगभरचा नियम आहे. तो तपासायला सुमारे 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती धोक्याची. आपले दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटरचे आहे, यावरून अंदाज बांधा. मणी, बटणे, टिकल्या, घुंगरू सगळे त्यात आले. दुकानात मिळणारे, मागून चकतीने अडकवायचे प्लॅस्टिकचे डोळेसुद्धा सैल टाक्यांतून निसटू शकतात. तान्ह्यांच्या खेळण्याला डोळे धाग्यानेच भरावेत.

आवाज करणारी वस्तू आत घालायचा मोह होतो. बटण सेल असलेली वस्तू तर अजिबात नको. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. अशी नुसती शंका आली तरी घरी वाट पाहू नका, मोठ्या रुग्णालयात धाव घ्या.

अष्टपादाचे पाय ओढून ताणल्यावर 22 सेंटीमीटरपेक्षा लांब नसावेत. लांब दोरी गळ्याभोवती गुंडाळते. आत भरणासाठी धुता येणारा पॉलिस्टरचा कापूस वापरा. जुन्या चिंध्या आणि साधा कापूस आमच्या कोकणातल्या पावसात आतून वाळत नाही, बुरशी धरतो. खेळणे सुती धाग्याचे करा, म्हणजे गरम पाण्यात धुता येईल. पायमोजे आणि हातमोजे विणाल तर आतली बाजू उलटून पाहा. सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला तर रक्तपुरवठा बंद पडतो. बाळ विनाकारण रडत असेल तर मोजे काढून बोटे बघावीत.

बचत गटातून अशी खेळणी विकणाऱ्या भगिनींसाठी एक माहिती. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट दिली गेली. विक्रीआधी सध्याचा नियम विचारून घ्या. पण नियमातून सूट मिळाली म्हणून बाळाच्या घशाला सूट मिळत नाही!

एक वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकले, त्याला रडताही येत नसेल, तर काय करावे? बाळाला आपल्या हातावर पालथे घ्या, डोके खाली. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दोन्ही फऱ्यांच्या मध्ये पाच थापट्या मारा. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्या. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. तान्ह्या बाळाचे पोट दाबू नका. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून शोधू नका, ती आणखी आत जाते. दुसऱ्या कोणाला तरी लगेच 108 ला फोन करायला सांगा. बाळ बेशुद्ध झाले तर छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणे सुरू करा. ही कृती घरातल्या प्रत्येकाने एकदा जवळच्या डॉक्टरकडून करून बघावी, वाचून हात वळत नाही.

बत्तिसाव्या आठवड्यातली नात

त्यानंतर चारेक महिन्यांनी वहिनींच्या मुलीचे बाळंतपण अचानक झाले. बत्तिसाव्या आठवड्यात. मुलगी, वजन दीड किलो. बाळाला नवजात शिशूंच्या विशेष कक्षात ठेवले. वहिनी माझ्याकडे आल्या त्या हातात निळा अष्टपाद घेऊनच.

"डॉक्टर, मोबाइलवर बघितले. परदेशात कमी दिवसांच्या बाळांना हा देतात. याचे पाय धरले की बाळाला नाळ धरल्यासारखे वाटते म्हणे. त्याने बाळ वाचते?"

ही गोष्ट खरी आहे की 2013 साली डेन्मार्कमध्ये काही स्वयंसेवकांनी कमी दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे अष्टपाद करून रुग्णालयांना देणे सुरू केले आणि ती कल्पना अनेक देशांत पसरली. बाळ नळ्या ओढण्याऐवजी त्याचे पाय धरते, असे तिथल्या आयांचे आणि परिचारिकांचे म्हणणे. पण त्याने बाळाचा श्वास सुधारतो किंवा जीव वाचतो, याला ठोस शास्त्रीय पुरावा नाही. आणि तिथे बाळावर यंत्रांची व परिचारिकांची नजर अखंड असते. घरच्या पाळण्यात तसे नसते. एक वर्षापर्यंत बाळाला उताणे, सपाट अंथरुणावर झोपवावे आणि झोपताना जवळ उशी, लोड, मऊ खेळणे काहीही ठेवू नये. नाक-तोंड झाकले जाऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो.

मी हे सांगितले तेव्हा वहिनींनी अष्टपाद हळूच पिशवीत टाकला. मला दोन महिन्यांचे कपाट आठवले. पुन्हा 'बंद करा' म्हणून उठायचे नाही, असे मी मनाशी ठरवले होते. मी म्हणालो, "वहिनी, याच्यापेक्षा चांगले एक खेळणे तुमच्याकडे आहे. तुमची मुलगी. आणि तुम्ही."

1978 साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडत, म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या छातीला उघड्या अंगाने बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतासह पाच देशांतली 1 ते 1.8 किलो वजनाची बाळे होती. जन्मल्यापासून लगेच कांगारू पद्धत सुरू केलेल्या बाळांत पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू शंभरात सुमारे 16 वरून 12 वर आले. आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की बाळाला दिवसाचे 8 ते 24 तास, जितके जास्त जमेल तितके, असे ठेवावे. आई थकली तर घरातले दुसरे निरोगी माणूस, बाप किंवा आजीसुद्धा, बाळ घेऊ शकते.

कक्षातल्या सिस्टरने तेच शिकवले. मुलगी थकली की वहिनी बसत. मी भेटायला गेलो तेव्हा पाहिले, दीड किलोची नात आजीच्या छातीवर बेडकासारखी पाय दुमडून झोपली होती. आजीच्या उजव्या मनगटाला माझा पट्टा होता आणि नातीच्या इवल्या मुठीत आजीची करंगळी. अष्टपाद बाहेर बाकावर पिशवीत वाट पाहत होता.

नात आता दीड वर्षाची झाली. घरभर पळते आणि कासवाला एका पायाने फरफटत नेते. वहिनी रोज दुपारी तासभर विणतात, मध्ये दोनदा उठून. थायरॉइडची गोळी चालू आहे. रात्री मुंग्यांनी जाग येत नाही. बाकावर वाट पाहणारा तो निळा अष्टपाद मात्र त्यांनी मला आणून दिला. "तुमच्याकडे रडणारी मुले जास्त," म्हणाल्या.

विणकामाने मन शांत होते, याबद्दल पाहण्याही झाल्या आहेत. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत क्रोशा करणाऱ्या आठ हजारांहून जास्त लोकांना विचारले गेले, आणि दहांतल्या जवळजवळ नऊ जणांनी त्याने मन निवते असे सांगितले. अर्थात ज्यांना आवडते तेच उत्तर देतात, हे लक्षात ठेवले पाहिजे. नैराश्यावर किंवा रक्तदाबावर हा गोळ्यांचा पर्याय नाही. पण ज्या गोष्टीमुळे एखादे एकटे माणूस सकाळी उठून 'आज शेपूट पूर्ण करायची' म्हणते, ती काढून घेताना डॉक्टरने आणि घरच्यांनीही दहादा विचार करावा.

तुमच्या घरी कोणी विणत असेल आणि हात दुखतो म्हणत असेल, तर 'कशाला करतेस एवढे' असे म्हणू नका. मुंग्या कोणत्या बोटांना येतात ते विचारा. रात्री जाग येते का विचारा. साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. उशी द्या, दिवा जवळ सरकवा. आणि विणणाऱ्या भगिनींनो, आज संध्याकाळी घरातली आणि वाटलेली सगळी खेळणी हातात घेऊन त्यांचे डोळे एकदा जोरात ओढून बघा. जो डोळा हलेल, तो लगेच उसवून काढा.